शिवलेली चीर

माझे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, हॉटेलात पाण्याचा ग्लास हातात आला की आधी तो उजेडाकडे धरतात. मग वास घेतात. मग शेजारच्या टेबलावरच्या ग्लासाकडे बघतात, त्यांना आपल्यापेक्षा चांगलं पाणी दिलंय की काय म्हणून. एवढं सगळं होईपर्यंत वेटर ताटकळत उभा आणि ताई मेनूकार्डात तोंड खुपसून बसलेली. भाजीवाल्याचा तराजू ते वाकून खालून बघतात. घराला कुलूप लावल्यावर ओढून बघतात, जिना उतरतात, परत चढतात आणि पुन्हा ओढून बघतात. त्यांच्या वाढदिवसाला मी एकदा छत्री दिली, तर म्हणाले, ‘का बरं?’ छत्री देण्यात माझा काय डाव असणार होता देव जाणे, पण त्यांनी ती उघडली, मिटली, नळाखाली धरून पाहिली आणि मगच वापरायला काढली.

माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे.

त्यांचं काम नेमकं काय, हे ताईलाही लग्नानंतर कितीतरी दिवस धड सांगता यायचं नाही. ‘बांधकामावर असतात,’ एवढंच ती म्हणायची. पण ते ना इंजिनिअर, ना कंत्राटदार. बांधकामाच्या जागेवरची माती पावसाच्या पाण्याबरोबर बाहेर जाऊ द्यायची नाही, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण टेकडीचा एखादा तुकडा खोदून उघडा केला, वरचं गवत आणि मुळं खरवडून टाकली, की एका जोराच्या सरीत तिथली माती पळत सुटते. गटारं तुंबवते, ओढ्यात उतरते आणि खालच्या माणसाच्या दारात जाऊन बसते. तिच्या वाटेत भाऊजी आडवे. मातीच्या ढिगांवर ताडपत्र्या, उघड्या उतारावर पेंढ्याचा थर, गटारांच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या, ट्रकच्या चाकांची माती झडावी म्हणून गेटपाशी मोठी खडी. आणि उताराच्या पायथ्याशी खुंट्यांवर ताणलेलं काळं कापड. त्यातून पाणी हळूहळू झिरपतं आणि गाळ मागे राहतो. कामगारांनी त्यांचं नाव ‘गाळणी’ ठेवलंय. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्यांना माहीत आहे. कोण आपल्याला काय म्हणतं याचा छडा त्यांनी लावला नसता तरच नवल.

हा संशय त्यांना जन्मजात नव्हता असं ताई म्हणते. तरुणपणी ते एका रस्त्याच्या कामावर होते. संध्याकाळी निघताना त्यांनी मुकादमाला विचारलं, ढीग झाकलेत का, आणि मुकादम म्हणाला, झाकलेत. भाऊजींनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि घरी येऊन शांत झोपले. सकाळी तो अख्खा ढीग खालच्या एका घराच्या पडवीत होता. जिवावर कोणाच्या बेतलं नाही, पण त्या घरातली बाई चिखलातून भांडी वेचत होती ते भाऊजींनी उभं राहून पाहिलं. तेव्हापासून कोणी ‘झालंय’ म्हणालं की ते जागचे उठतात आणि बघून येतात. ताईने भातात मीठ घातलंय म्हटलं तरी.

तर माझ्या रोपवाटिकेच्या बरोबर वरच्या उतारावर मोठ्या इमारतींचं काम निघालं आणि तिथे गाळ अडवायला भाऊजी नेमले गेले, तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. माझी रोपवाटिका टेकडीच्या पायथ्याशी आहे. मी एकटी चालवते, हाताखाली दोन बायका. टेकडीवरून येणारा ओहोळ माझ्या तळ्यात येतो आणि सगळी झाडं त्या तळ्याच्या पाण्यावर. दुसरं पाणी नाही. त्या साली मी सगळी मेहनत लिंबाच्या कलमांवर लावली होती. कोवळी कलमं, थेंबाथेंबाने पाणी पिणारी. त्या बारीक नळ्यांची तोंडं अशी नाजूक असतात की गढूळ पाणी आलं की लगेच बुजतात, आणि पिशवीतल्या मातीवर गाळाची साय धरली की खाली मुळं गुदमरतात. तळ्यात एकदा गाळ आला तर निवळेल. पुन्हा पुन्हा आला तर कलमं गेली, आणि कलमांबरोबर माझी रोपवाटिका. भाऊजींना मी हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “धाकटे, माझ्यावर भरवसा ठेवून राहू नकोस. रोज पाणी बघत जा.” स्वतःवरही संशय घेणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

आणि पहिल्याच मोठ्या पावसात तळं गढुळलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच चिखलाच्या चपलांनी टेकडी चढले आणि कामगारांसमोर, इंजिनिअरसमोर भाऊजींना वाट्टेल ते बोलले. घरचं नातं घरी, असं काही मला त्या वेळी सुचलं नाही. भाऊजींनी ऐकून घेतलं. मग ते गुडघ्यांवर बसले, कापडाच्या तळाशी हात घातला, आणि त्यांचा हात कोपरापर्यंत पलीकडे गेला. ज्यांनी कापड लावलं त्यांनी ते नुसतं खुंट्यांना ठोकलं होतं. खालची कड जमिनीत पुरायची असते, ती पुरलीच नव्हती. वरून सगळं छान दिसत होतं आणि पाणी खालून निघून जात होतं. “कुठेतरी पाणी मुरतंय हे मला वाटलंच होतं,” असं ते म्हणाले, तेव्हा मला हसू आलं आणि राग अर्धा उतरला.

त्याच दिवशी त्यांनी चर खणून घेतला, कापडाची कड हातभर खोल पुरली, वर माती धोपटून बसवली. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, जिथे पाण्याचा जोर जास्त, तिथे दुहेरी कापड घेतलं आणि उंचीही वाढवली. माझ्या बोलण्यामुळे हे सगळं झालं याचा मला अभिमानच वाटला.

त्यांची पाहणी करायची एक पद्धत होती. कापड एका बांधावर होतं आणि बांधाच्या खालून, बाहेरच्या अंगाने एक पायवाट जायची. पाऊस थांबला की भाऊजी त्या वाटेने चालत. कापड डोळ्यांसमोर येई आणि त्याच्या वर आतल्या खोल्यांचे फक्त पत्रे दिसत. त्या कोपऱ्यात कामगार राहायचे. आतल्या बाजूला काय बघायचं, ती घाणच असणार, असं भाऊजी म्हणत. बघायचं ते बाहेर. बाहेर गाळाची एक रेघ जरी दिसली तरी कापड कुठेतरी चुकलं. आत पाणी तुंबलं असेल तर उलट ते खूश, म्हणजे कापड काम करतंय. या पद्धतीवर त्यांचा फार विश्वास. कशावर तरी होता म्हणायचा.

दुसऱ्या मोठ्या पावसात तळं पुन्हा गढुळलं. या वेळी मी वर गेले नाही, भाऊजीच खाली आले. चेहरा असा, जणू घरात चोरी झालीय. कापड कापलं होतं. खालपासून वरपर्यंत सरळ, धारदार पात्याने. आणि याहून विचित्र म्हणजे, ते परत शिवलं होतं. सुतळीने, जवळ जवळ टाके घालून, इतकं नीट की लांबून कळू नये. गाळाची रेघ दिसली नसती तर भाऊजींनाही कळलं नसतं.

कापणारा माणूस समजू शकतो. पण कापून परत शिवणारा? भाऊजींची झोप उडाली. खोडसाळपणा असता तर शिवलं नसतं. म्हणजे कोणाला तरी पाणी सोडायचं होतं आणि ते लपवायचंही होतं. त्यांनी आधी वॉचमन धरला. त्याच्याबरोबर बिड्या ओढल्या, स्वतः ओढत नसताना. मग पंपवाला, मग पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. सगळ्यांशी गोड बोलून झालं आणि कोणी ताकास तूर लागू दिली नाही, कारण बिचाऱ्यांना काही माहीतच नव्हतं. इंजिनिअरला वाटलं, हा मनुष्य आता आपल्या चपलाही तपासणार. त्या त्यांनी तपासल्याच होत्या.

मग एका सकाळी भाऊजी माझ्याकडे चहाला आले. एकटे, ताईशिवाय. हे कधी होत नाही. मी चहा टाकला तोवर ते रोपवाटिकेत फिरून आले. झाडं छाटायची कात्री हातात घेऊन त्यांनी धार पाहिली, सहज पाहिल्यासारखी. मग सावलीसाठी मी जी हिरवी जाळी लावते तिच्यापाशी थांबले. जाळी फाटली की मी ती सुतळीने शिवते. त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे कोण शिवतं?”

“मी.”

“कशाने?”

“दाभणाने. का?”

ते आत येऊन चहाला बसले. चहा त्यांनी उजेडाकडे धरला नाही, एवढ्यावरून मला कळायला हवं होतं की त्यांचं लक्ष दुसरीकडे आहे. दारात काढलेल्या माझ्या चपला त्यांनी उलट्या करून तळवे पाहिले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी स्वतःच कापड कापते, स्वतःच्या तळ्यात गाळ आणते आणि मग वरच्यांकडून भरपाई मागणार, असं त्यांना वाटत होतं.

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी भांडते. मी म्हणाले, “ज्या तळ्यावर मी जगते त्यात मी विष कालवेन? बाहेर व्हा माझ्या घरातून.”

ते उठले. दाराशी म्हणाले, “मी फक्त विचारलं.” विचारलं नव्हतंच त्यांनी. विचारलं असतं तर मी उत्तर तरी दिलं असतं.

त्यानंतर दोन घरांत अबोला. ताई बिचारी मध्ये चेपली. माझ्याशी फोनवर बोलताना ती आवाज इतका खाली आणायची की निम्मं ऐकू येत नसे. ती मला म्हणायची, त्यांचा स्वभावच तसा, मनावर घेऊ नकोस. त्यांना काय म्हणायची कोण जाणे. आपली सख्खी बहीण शेवटी त्यांच्याच बाजूची, असंही एकदा माझ्या मनात येऊन गेलं. तिनेच जाळीचं सांगितलं असेल का, दाभणाचं? बघा, संशय कसा लागतो तो. सर्दीसारखा.

आणि एकदा लागल्यावर मी तरी कशाला मागे राहू? मी विचार करू लागले. पाऊस पडला की वर पायाचे खड्डे भरतात, काम थांबतं, इंजिनिअर हात चोळत बसतो. पाण्याला पटकन वाट मिळाली तर कोणाचा फायदा? त्यांचाच. पगार कोण देतं भाऊजींना? तेच. कापड कुठे दुहेरी आहे, कुठे जोर येतो, कुठून कापलं तर झटक्यात पाणी उतरेल, हे कोणाला ठाऊक? एकाच माणसाला. मग कापायचं, शिवून ठेवायचं, चार लोकांची चौकशी केल्याचं नाटक करायचं आणि शेवटी मेहुणीवर आळ घालून मोकळं व्हायचं. मला ते इतकं पटलं की मी ताईलाही बोलून दाखवणार होते. थोडक्यात वाचले.

कलमं मात्र जगली होती. नळ्यांची तोंडं आम्ही तिघींनी सुईने टोकरून मोकळी केली, मातीवरची साय खरवडली, तळं हळूहळू निवळलं. काही पानं पिवळी पडली, पण बहुतेकांना नवा फुटवा आला. आणखी एकदा गाळ आला तर ती तग धरणार नाहीत, हे मला दिसत होतं.

म्हणून पुन्हा आभाळ भरून आलं तेव्हा मी ठरवलं, या वेळी हातोहात पकडायचं. दुपारची वेळ होती. सर सुरू झाली तशी मी डोक्यावर प्लास्टिक घेतलं आणि टेकडीची वाट धरली. निघताना तळ्याकडे पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, तळाचे दगड दिसत होते.

वर पोचले तोवर पाऊस असा कोसळत होता की हाताच्या अंतरावरचं दिसेना. त्या खालच्या कोपऱ्यात कापड पोट सुटल्यासारखं बाहेर आलं होतं. आणि बांधावर, कापडाला लागून, भाऊजी उभे. हातात उघडा चाकू.

“सापडलात,” मी म्हणाले. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू.

त्यांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा पकडल्या गेलेल्या माणसाचा नव्हता. चाकू माझा नाही, एवढंच ते म्हणाले आणि आत बोट दाखवलं. मी बांधावर चढले.

कापडाच्या आत तळं झालं होतं. माझ्या तळ्यापेक्षा मोठं, तांबडं, आणि त्या तळ्यात पत्र्याच्या खोल्यांची रांग उभी होती. अख्ख्या टेकडीचं पाणी त्या कोपऱ्यात येऊन कापडाला अडत होतं आणि मागे मागे चढत होतं. कापडापाशी मांडीभर पाण्यात एक बाई उभी होती, गवंड्याची बायको. भाऊजी कापणाऱ्याला पकडायला आले होते, आणि त्यांनी तिला कापताना पकडलं होतं. चाकू तिच्या हातातून हिसकावला होता. हिसकावताना बांधावर चढावं लागलं, आणि चढल्यावर दिसलं. तिच्या मागे खोलीचं दार उघडं होतं. आत खाटेवर तिची सासू पडून होती, अर्धं अंग गेलेली, आणि पाणी खाटेच्या सुंभाला टेकलं होतं. भांडी तरंगत होती. पुरुष सगळे वरच्या टोकाला स्लॅबवर होते, पंपही तिकडेच. म्हातारीला उचलून न्यायचं तर कुठे, शेजारच्या प्रत्येक खोलीत तेच पाणी.

बाई काही मागत नव्हती. रडतही नव्हती. ती फक्त चाकूकडे बघत होती.

भाऊजी मला म्हणाले, “खाली तुझं तळं आहे.”

“मला माहीत आहे.”

“कलमं जातील.”

“तेही माहीत आहे मला.”

“तू सांगशील तसं करतो.”

मला त्या माणसाचा असा राग आला. इतके दिवस मला न विचारता चोर ठरवलं, आणि आता हे, हे मला विचारताय? मी त्यांच्या हातातून चाकू घेतला आणि कापडात खुपसून खालपर्यंत ओढला. जुन्या शिवणीच्या शेजारीच. ज्या कापण्याचा आळ माझ्यावर होता ते अखेर मी माझ्या हाताने केलं.

पाणी असं सुटलं की मी बांधावरून घसरले. भाऊजींनी दंड धरून मला ओढून घेतलं. तांबडा लोंढा पायवाट ओलांडून ओहोळात शिरला आणि खाली धावला. पाऊस जरा उघडल्यावर मला वरून माझं तळं दिसलं. एका कडेने रंग आत शिरत होता, चहात दूध मिसळावं तसा, आणि बघता बघता सगळं एक झालं. मी त्यातल्या एकेका कलमाला पाणी पाजलं होतं हो. कोणाला काय सांगू.

आत पाणी झरझर उतरलं. खाटेचे पाय दिसू लागले. बाई आत जाऊन सासूला कोरड्या बाजूला सरकवून आली आणि परत कापडापाशी येऊन उभी राहिली, आता आपलं काय होणार ते ऐकायला.

भाऊजींनी विचारलं, “मला सांगितलं का नाहीस?”

बाईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू प्रश्नच तिला कळला नसावा. मग म्हणाली, “तुम्ही रोज येत होतात की, साहेब. पाऊस झाला की येऊन बघूनच जायचात. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.” आणि थोडं थांबून म्हणाली, “कापड मी परत शिवून ठेवलं होतं. तुमचं नुकसान नको म्हणून.”

‘खरं कशावरून’ असं भाऊजींनी विचारलं नाही. त्यांनी ती चीर दोन्ही हातांनी फाकवली, अंग चोरून पलीकडे गेले आणि गुडघाभर चिखलात उभे राहिले. तिथून त्यांनी आधी खोल्या पाहिल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. भिंतींवर पाणी चढल्याचे जुने डाग होते, एकावर एक. मग वळून त्यांनी आपलं कापड पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिले.

“धाकटे,” ते मला म्हणाले, “इकडे ये. इकडून बघ.”

मी बांधावर बसून होते. उठवत नव्हतं. पण उठले, आणि चिरेतून आत गेले.